गृहव्यवहार : विमापत्रावर नांव कोणाचें?

मागील अंकीं आम्हीं घरांतील जमिनीच्या कागदांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून श्रीवर्धनकडील एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्र पाठविलें. त्या लिहितात : "यजमानांच्या विम्याच्या कागदावर माझ्या थोरल्या दिरांचें नांव आहे. पुढेंमागें कांहीं झालेंच, तर तो पैसा दिरांचा होतो काय? घरांत हें विचारणें बरें दिसत नाहीं, म्हणून आपणांस विचारतें." पत्र चार ओळींचेंच, परंतु तें वाचल्यावर दोन रात्रीं आम्हांस स्वस्थ झोंप आली नाहीं. कारण त्या पत्रांतील दिराच्या जागीं एके काळीं आम्ही स्वतःच होतों.

विम्यासारख्या रूक्ष विषयास आज हात घालीत आहों तो यासाठीं. आणि आरंभीं आमची चूक सांगणें क्रमप्राप्त आहे. कारण ज्यानें ठेंच खाल्ली त्यानेंच दगड दाखवावा हें बरें.

आमचे धाकटे बंधु १९९३ सालीं अलिबागेस नोकरीस लागले आणि त्याच वर्षीं त्यांनीं एक लाखाचा, तीस वर्षांच्या मुदतीचा विमा उतरविला. तेव्हां ते अविवाहित होते व वडील निवर्तले होते. अर्जावर 'नामनिर्देशित' या रकान्यांत वडील भाऊ म्हणून आमचें नांव पडलें. १९९६ त त्यांचें लग्न झालें. पुढें एके दिवशीं ते आमच्या खोलींत येऊन म्हणाले, "दादा, विम्यावरचें नांव आतां बदलावें का?" आम्ही मुलांच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. मान वर न करितां आम्हीं उत्तर दिलें, "असूं दे रे. घर एकच आहे." बंधूंनीं तो विषय पुन्हा कधीं काढला नाहीं.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आमच्या किनाऱ्यावर आदळलें. अष्टागरापासून श्रीवर्धनापर्यंत किती माड आणि पोफळी आडव्या झाल्या हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. आमची निम्मी वाडी गेली आणि घराचें छप्पर उडालें. त्यासाठीं काढलेलें कर्ज डोक्यावर असतांनाच २०२२ च्या पावसाळ्यांत बंधु हृदयविकारानें अकस्मात् गेले. विम्याची रक्कम, बोनस धरून दोन लक्ष सत्तर हजार रुपये, महिन्याभरांत आमच्या खात्यांत जमा झाली. कागदावर नांव आमचें, तेव्हां पैसा आमचा, अर्थात् घराचा, असें आम्हीं धरून चाललों आणि पडवीच्या उरलेल्या कामासाठीं गवंड्यास बोलावणें धाडलें.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आईनें विचारिलें, "गवंड्याला द्यायला पैसा कुठला?" आम्हीं सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कागदावर तुझें नांव असलें म्हणून पैसा तुझा कसा रे झाला?" आईचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतचें, आमची उभी हयात शाळेंत गेली. तरी त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां येईना. स्वयंपाकघराच्या दारांत आमची भावजय उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. भांडीं उचलून आंत गेली.

दुसऱ्या दिवशीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो आतां वकिली करितो. त्यानें जें समजावून दिलें व पुढें आम्हीं स्वतः वाचून पडताळून पाहिलें, तें आतां क्रमानें सांगतों.

'विमा' हा शब्द मूळचा फारसी; भय या अर्थाच्या 'बीम' शब्दाशीं त्याचें नातें सांगतात. आपल्या संस्कृतांत त्याच्या जवळ येणारा शब्द योगक्षेम. जें मिळालें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. आयुर्विमा महामंडळानें आपलें बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायांतून घेतलें आहे, त्यांत हाच शब्द आहे. परंतु देव भक्तांचा योगक्षेम वाहतो त्यास लेखी करार लागत नाहीं. माणसांच्या व्यवहारास तो लागतो. आणि करार म्हटला कीं त्यांत कोण कोणत्या नात्यानें उभा आहे हें पाहणें आलें.

विमापत्रावर साधारणतः पुढील व्यक्ति असतात. पहिला विमाकर्ता, म्हणजे कंपनी अथवा महामंडळ. दुसरा विमाधारक : जो अर्ज करितो, करार करितो आणि हप्ते भरण्याचें पत्करतो. विमापत्राचा मालक तो. तिसरा विमित : ज्याच्या आयुष्यावर विमा उतरलेला असतो तो. बहुधा विमाधारक व विमित एकच असतात, म्हणून हा भेद आपल्या ध्यानांत येत नाहीं. परंतु बाप मुलाच्या आयुष्यावर विमा उतरवितो तेव्हां विमित मुलगा असतो आणि धारक बाप. ज्यांच्या बँकेच्या खात्यांतून दर वर्षीं ४३६ रुपये वजा होऊन पंतप्रधान जीवनज्योति योजनेचा दोन लाखांचा विमा मिळतो, त्यांच्या बाबतींत मूळ विमापत्राची धारक बँक असते. खातेदार हा त्या समूहांतील विमित सभासद होय. म्हणूनच त्याच्या हातीं स्वतंत्र विमापत्र पडत नाहीं. घरच्या मंडळींस निदान त्या वजावटीची माहिती तरी असावी.

मालकी म्हणजे अधिकार. हयात असेपर्यंत विमाधारकास नामनिर्देशन केव्हांहि बदलतां येतें. त्यासाठीं जुन्या नामनिर्देशिताची संमति लागत नाहीं, त्यास कळविण्याचेंहि बंधन नाहीं. बदल मात्र कंपनीस लेखी कळवून तिच्या दप्तरीं नोंदविला गेला पाहिजे. अटींप्रमाणें विमापत्रावर कर्ज काढणें, तें परत करून सोडमूल्य घेणें अथवा दुसऱ्याच्या नांवें करून देणें हे अधिकारहि त्याचेच. विमापत्र हातीं आल्यापासून तीस दिवसांत, अटी पसंत न पडल्यास, तें परत करितां येतें. किरकोळ खर्च वजा जातां हप्ता परत मिळतो. हप्ता चुकल्यास तीस दिवसांची, मासिक हप्ता असल्यास पंधरा दिवसांची, सवलतीची मुदत असते. तेवढ्या मुदतींत मृत्यु ओढवल्यासहि विमा चालू धरितात.

अधिकाराबरोबर कर्तव्यहि आहे. विम्याच्या करारांत परम सद्भाव अपेक्षित असतो. आपला आजार, व्यसन, पूर्वीं नाकारला गेलेला विमा हें सर्व अर्जांत खरें लिहिलें पाहिजे. "एवढें कशाला लिहितां?" असें म्हणणारा एजंट तुमचा हितचिंतक नव्हे, कारण मागाहून दावा अडतो तो तुमच्या कुटुंबाचा. १९३८ च्या विमा कायद्याचें ४५ वें कलम धारकास मोठें संरक्षण देतें : विमा सुरू होऊन, अथवा बंद पडलेला पुन्हा चालू करून, तीन वर्षें लोटल्यावर कोणत्याहि कारणास्तव त्याविषयीं शंका काढितां येत नाहीं. पूर्वीं ही मुदत दोन वर्षांची होती व कपटाच्या आरोपास वाट मोकळी असे. २०१५ च्या दुरुस्तीनें तीन वर्षांनंतर ती वाटहि बंद केली. परंतु पहिल्या तीन वर्षांत खोटेपणा उघडकीस आल्यास कंपनी हात वर करूं शकते. तसेंच एजंटानें आपल्या दलालींतून पहिला हप्ता परत देऊं करणें हें त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमानें निषिद्ध आहे. देणारा आणि घेणारा दोघेहि दोषी.

आतां चौथी व्यक्ति, नामनिर्देशित. आपल्या बोलण्यांत नॉमिनी. येथेंच आमची गफलत झाली. ज्यांनीं संस्कृत व्याकरण वाचलें आहे त्यांस एक उदाहरण देतों. ज्याला द्यावयाचें त्यास वैयाकरण संप्रदान म्हणतात. परंतु धोब्यास कपडे देतों, तेव्हां धोबी खरें संप्रदान होतो काय? नाहीं, कारण कपड्यांवरील आपलें स्वत्व आपण सोडलेलें नसतें, ते परत यावयाचे असतात. नामनिर्देशिताच्या हातीं पडलेली रक्कम बऱ्याच वेळां अशीच असते. कंपनीनें कोणाच्या हातीं पैसे द्यावे म्हणजे तिची जबाबदारी संपेल, एवढेंच तें नांव सांगतें.

हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९८३ मध्यें सरबतीदेवी विरुद्ध उषादेवी या खटल्यांत स्पष्ट केलें. त्यांत पतीनें दहा दहा हजारांच्या दोन विम्यांवर पत्नीचें नांव दिलें होतें. पतीच्या पश्चात् त्याची आई आणि मुलगा यांनीं आपला हिस्सा मागितला. न्यायालयानें ठरविलें कीं, नामनिर्देशनानें पत्नीस पैसे स्वीकारण्याचा अधिकार मिळाला, परंतु ते एकटीचे झाले नाहींत. वारसांचा त्यांवरील हक्क कायम आहे.

हा निर्णय तत्त्वास धरून असला तरी पुष्कळ विधवांस जाचक ठरे. म्हणून २०१५ च्या दुरुस्तीनें ३९ व्या कलमांत महत्त्वाचा फरक झाला. स्वतःच्या आयुष्यावरील विम्यास धारकानें आपले आईबाप, पति अथवा पत्नी, किंवा मुलें यांपैकीं कोणास नेमिलें असेल, तर ते लाभार्थी नामनिर्देशित होत. आतां रक्कम त्यांची स्वतःची. ही यादी वाचकांनीं पुन्हा एकदां वाचावी. तींत भाऊ नाहीं. बहीण नाहीं. पुतण्या, काका, सून यांपैकीं कोणीहि नाहीं. त्यांचें नांव असल्यास जुनाच नियम लागू : पैसे त्यांच्या हातीं येतील, परंतु मृत्युपत्र असल्यास त्याप्रमाणें, नसल्यास वारसा कायद्याप्रमाणें ते ज्याचे त्यास दिले पाहिजेत. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें हिंदु पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा, मुलगे, मुली आणि आई येतात.

आमच्या घरीं याचा अर्थ काय झाला? बंधूंनीं हप्ते स्वतःच्या पगारांतून भरिले होते. विमा त्यांचा स्वतःचा. मृत्युपत्र नव्हतें. मागें पत्नी, एक कन्या आणि आई. प्रत्येकीचा हिस्सा नव्वद हजारांचा. आमचा हिस्सा शून्य. गवंड्यास आम्हीं परत पाठविलें आणि त्या संध्याकाळीं भावजयीपुढें बँकेचें पुस्तक ठेविलें. ती म्हणाली, "दादा, मीं कधीं मागितले नव्हते." हेंच तर आम्हांस सर्वांत अधिक लागलें. तिनें मागितले असते, तर आम्हीं निदान वेळींच विचार केला असता. आईनें आपला हिस्सा नातीस लिहून दिला, आणि पुढील दोन वर्षांचें तिचें पुण्याचें शिक्षण त्यावर पार पडलें. पडवी अद्याप तशीच आहे, पावसांत गळते.

आमच्या ठिकाणीं एखादा अडून बसणारा असता तर काय झालें असतें, हेंहि सांगितलें पाहिजे. नामनिर्देशितास रक्कम दिल्यावर कंपनी मोकळी होते. मग वारसांनीं त्या गृहस्थावर दिवाणी न्यायालयांत दावा लावावयाचा; सुनेनें दिरावर, एकाच छपराखालीं राहून! त्यापेक्षां हयातींत एक अर्ज भरून नांव बदलणें किती सोपें! नामनिर्देशित अज्ञान असल्यास त्याच्या वतीनें रक्कम घेण्यास एक सज्ञान व्यक्तीहि नेमून ठेवावी लागते, हें लहान मुलांच्या आईबापांनीं विसरूं नये.

पांचवी व्यक्ति अभिहस्तांकिती, म्हणजे ज्याच्या नांवें विमापत्रच करून दिलें तो. घर अथवा वाडी यांसाठीं कर्ज काढितांना बँक पुष्कळदां हें मागते. सर्वस्वीं हस्तांतर झाल्यास मालकी जाते आणि जुनें नामनिर्देशन रद्द होतें. केवळ कर्जाच्या तारणासाठीं केलें असेल, तर आतांच्या कायद्यानें नामनिर्देशन रद्द होत नाहीं. बँकेच्या येण्यापुरतेंच त्यास बाध येतो आणि कर्ज फिटतांच तें पूर्ववत् होतें. कर्ज फिटल्यावर विमापत्र परत आपल्या नांवें झाल्याची नोंद मात्र आठवणीनें मागून घ्यावी.

ज्यांचा धंदा जोखमीचा अथवा कर्जाचा आहे त्यांच्यासाठीं आणखी एक जुनी सोय आहे : १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचें ६ वें कलम. १९२३ पासून तें आपल्या प्रांतांतील हिंदु गृहस्थांसहि लागू आहे. पत्नी व मुलें यांच्या हितासाठीं म्हणून त्या कलमाखालीं विमा घेतल्यास तो त्यांच्यासाठीं विश्वस्तनिधि होतो. पतीचे धनको त्यास हात लावूं शकत नाहींत आणि पतीसहि तो परत घेतां येत नाहीं. मात्र हें विमा घेतांनाच लिहून द्यावें लागतें.

आमच्या किनाऱ्यावर एक प्रश्न नेहमींचा आहे, तोहि येथेंच सांगून टाकितों. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या अवसेची आठवण आजहि अनेक घरांत निघते. समुद्रांत गेलेला माणूस परत आला नाहीं आणि प्रेतहि हातीं लागलें नाहीं, तर विम्याचें काय? सात वर्षें ज्याची कांहीं वार्ता नाहीं तो मृत, असें कायदा अनुमान करितो; अपघाताचा इतर सबळ पुरावा असल्यास न्यायालय त्यापूर्वींहि मृत्यु सिद्ध मानूं शकतें. बेपत्ता झाल्याची फिर्याद तत्काळ पोलिसांत द्यावी, आणि निकाल लागेपर्यंत शक्य असल्यास हप्ते बंद पाडूं नयेत.

कंपनीनें दाद दिली नाहीं तर? पूर्वीं हा प्रश्न फार कठीण होता. १९१३ सालीं साताऱ्यास निघालेल्या वेस्टर्न इंडिया कंपनीसारख्या संस्थांनीं महाराष्ट्रांतील मध्यम वर्गास विम्याची संवय लाविली. परंतु देशांत डबघाईस आलेल्या कंपन्याहि थोड्या नव्हत्या. १९ जानेवारी १९५६ रोजीं २४५ संस्थांचा आयुर्विम्याचा व्यवहार सरकारनें हातीं घेतला, तेव्हां अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख; आपल्याच जिल्ह्यांतील, महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले. त्याच वर्षीं १ सप्टेंबरला महामंडळ स्थापन झालें. १९९९ च्या कायद्यानें खासगी कंपन्यांस पुन्हा वाट मिळाली व त्यांवर नियामक प्राधिकरणाची देखरेख आली. आज धारकानें, नामनिर्देशितानें अथवा वारसानें प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत उत्तर न आल्यास अथवा तें न पटल्यास, वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथें चालतात. फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

आतां श्रीवर्धनच्या भगिनींस उत्तर. पैसा दिरांचा होत नाहीं; तुमचा, तुमच्या मुलांचा आणि सासूबाई असल्यास त्यांचा होतो. परंतु तो दिरांच्या हातून यावा लागेल. यजमान धडधाकट आहेत तोंवर नांव बदलून घ्यावें. त्यास एक अर्ज आणि एक सही पुरे. दिरांवर अविश्वास दाखविण्याचा यांत प्रश्नच नाहीं. उलट, ज्या ओझ्याचा मोह पडूं शकतो तें त्यांच्या खांद्यावरून उतरविल्यासारखें होईल. आमच्या खांद्यावर तें सात दिवस होतें. त्याचें वजन आम्हांस ठाऊक आहे.

परंतु आमचें खरें सांगणें त्या भगिनींस नसून घरांतील वडील माणसांस आहे. हा प्रश्न विचारण्याचें संकट सुनेवर येऊं देऊं नये. येत्या रविवारीं दुपारच्या चहानंतर ट्रंकेंतलीं सर्व विमापत्रें बाहेर काढावीं. प्रत्येकावर धारक कोण, विमित कोण, नांव कोणाचें, तें केव्हां लिहिलें आणि त्यानंतर घरांत लग्न, जन्म अथवा मृत्यु झाला काय, हें एका वहींत मांडावें. ज्या कागदावर धाकट्या भावानें आपलें नांव घातलें आहे तो कागद वडील भावानें स्वतः त्याच्यापुढें ठेवावा आणि म्हणावें, "हें आतां बदल." आमच्या बंधूंनीं आम्हांस विचारिलें त्या दिवशीं आम्हीं मान वर करून एवढेंच म्हटलें असतें, तर पुढचें कांहींच लिहावें लागलें नसतें.